दुधाच्या कॅलेंडरवरचा थिरथिऱ्या

आमच्याकडे दुधाचा हिशोब भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतो, तारखेखाली अर्धा, एक, खाडा असं. ह्या ऑक्टोबरात एका चौकोनात मी बारीक 'थि' लिहिलं आणि महिनाअखेरीला सासूबाई आणि दूधवाल्या दादांचं त्यावरून दहा मिनिटं चाललं की हे 'थि' म्हणजे दूध जास्तीचं का कमीचं :)

थि म्हणजे थिरथिऱ्या पक्षी दिसल्याची खूण. चिमणीएवढाच, नर असेल तर डोकं-छाती-पाठ काळी आणि पोट नि शेपूट एकदम विटकरी, मादी सगळी मातकट पण शेपूट तशीच. हिमालय, तिबेट, मध्य आशिया तिकडून थंडीला आपल्याकडे उतरतो आणि मार्चच्या आसपास परत जातो. आमच्या परभणीतल्या परसात धुण्याचा दगड आहे, हे साहेब येऊन त्याच्यावरच बसतात, एकदा मान खाली घालतात आणि मग शेपूट अशी थरथरवतात की बस, म्हणून तर हे नाव. धोबी पक्षी पण शेपूट हलवतो पण तो वर-खाली आपटतो, ह्याची नुसती थरथर. सासूबाईंनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणल्या, "अगं त्याला हिव वाजायलंय, बघ कशी लटलट हालायली शेपूट." इथं पारा दहाच्या खाली गेला की आमचीच लटलट होते, हा तर बर्फाकडून आलेला, त्याला काय थंडी!

सुरुवातीला मी येड्यासारखी ज्वारी टाकायचे त्याच्यासाठी. ती चिमण्या-साळुंक्यांनी संपवली, ह्यानं ढुंकून बघितलं नाही कारण तो किडे खाणारा. दगडावरून टुपकन मोरीच्या कडेला उतरायचं, ओल्या मातीतला किडा उचलायचा, परत दगडावर. कपडे धुताना चार-पाच हातांवर असतो, पण मोबाईल काढला की गेलाच.

तिकडं ज्वारी खाणारे वेगळेच, भोरड्या. गुलाबी अंग, काळं डोकं, संध्याकाळी हजारोंचा थवा आभाळात चादर झटकल्यासारखा वळतो. आम्ही फोटो काढतो, गावाकडं आमचे चुलत सासरे गोफण घेऊन माळ्यावर उभे असतात. दाणा भरायच्या दिवसात थवा उतरला की कणसं पार मोकळी. त्याच भोरड्या नाकतोडे-टोळ पण फस्त करतात असं मी एकदा हुरड्याला गेल्यावर बोलून गेले, काका म्हणले, "मग त्येंला म्हणावं आधी टोळ खा, ज्वारी आम्ही बघतो." ह्यावर काय बोलणार.

मागच्या वर्षी जायकवाडीला पण गेलो होतो. १९८६ पासून अभयारण्य आहे, रोहित म्हणजे फ्लेमिंगो बघायचे म्हणून पोरं पहाटे चारला उठून बसलेली. पण पाणी भरपूर होतं. पाणी ओसरून कडेचा गाळ उघडा पडला की हे चिखलात चोच घालून खाणारे पक्षी जवळ येतात, नाहीतर मग लांब कुठंतरी गुलाबी रेघ. आम्हाला रेघ मिळाली. थापट्या बदकं मात्र मस्त दिसली, चोच पळीसारखी, आणि वारकऱ्यांचा तर बाजारच भरलेला. वारकरी म्हणजे काळा पाणपक्षी, कपाळावर पांढरा टिळा. धाकट्याला ते नाव इतकं आवडलं की परत येताना गाडीत विठ्ठल विठ्ठल चालू.

तर सध्या घरात वाद वेगळाच. हा किडे खातो म्हणून मी परसात औषध मारायचं बंद केलंय, फवारणीचा पंप माळ्यावर टाकलाय मार्चपर्यंत. आता कढीपत्त्यावर हिरव्या अळ्या झाल्यात, शेंड्याची पानं सगळी कुरतडलेली, आणि थिरथिऱ्या त्या झाडाकडं फिरकत सुद्धा नाही. सासूबाई रोज फोडणीच्या वेळी शेजारून कढीपत्ता मागून आणायल्यात आणि येता-जाता मोठ्यानं म्हणायल्यात, "तुझ्या पाव्हण्याला सांग की जरा तिकडं बी बघ म्हणून."