आखडलेली मान चोळू नका

आज माझ्याकडे मालिशसाठी नागपूरच्या धरमपेठेकडून आलेल्या तिघांची एकच तक्रार. मान आखडली, घरच्यांनी जोर लावून चोळली, दुखणं वाढलं. वाढणारच! जोर बसला की स्नायू स्वतःला वाचवायला आणखी आवळतो.

आधी 10 मिनिटं कोमट शेक. मग चमचाभर तिळाचं तेल तळहातांवर चोळून गरम करा (खोबरेल नागपूरच्या थंडीत गोठतं). मान आणि खांद्यामधला मांसल भाग चिमटीत धरा. आवळलेल्या स्नायूची गाठ सापडली की 30 सेकंद अंगठा नुसता दाबून ठेवा, घासू नका. श्वास सोडताना ती बोटाखाली सैल होताना कळते.

मणक्याच्या हाडावर आणि गळ्यात नाडी लागते तिथं दाब नकोच. मान कडकन मोडणं तर मुळीच नको. हाताला मुंग्या येत असतील तर मालिश थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा.