लाईट, लायटर आणि बाबांची बार्ज

बुधवार, रात्री साडेदहा

संध्याकाळी सातला लाईट गेली ती पावणेनऊला आली. आषाढात गोव्यात आमच्या मये गावात हे ठरलेलंच, वारा सुटतो, कुठंतरी माडाचं चुडत तारेवर पडतं आणि मग सगळा वाडा काळोखात. इन्व्हर्टरची बॅटरी मेलीय म्हणून देवापुढची समई पुढ्यात घेतली आणि लेकीला अभ्यासाला बसवलं.

ती यंदा पाचवीत गेली, म्हणजे चौथीपर्यंत मराठी शाळा आणि आता अचानक सगळे विषय इंग्रजीत, आमच्याकडे बहुतेक पोरांचं असंच होतं. गृहपाठ होता 'लाईट' शब्द घेऊन पाच वाक्यं, प्रत्येकात अर्थ वेगळा हवा. तिनं तीन पटापट लिहिली, खोलीतला लाईट, हलकी बॅग, फिका निळा रंग. चौथं मी सांगितलं, मेणबत्ती पेटवण्याचं. पाचव्याला गाडी अडली. मग पेन्सिल चावत विचारते, आई, उजेड आणि हलकं यांचा काय संबंध गं?

मी म्हटलं उजेडाला वजन नसतं म्हणून असेल. पण मलाच ते पटेना, म्हणून मोबाईलवर डिक्शनरी उघडली (चार्ज होता नशिबानं) आणि तासभर त्यातच गेला. संबंध काहीच नाही! ते दोन वेगळे शब्द आहेत, जुन्या इंग्रजीत उच्चार सारखे झाले आणि आज स्पेलिंगही एकच. उजेडवाला लॅटिनच्या 'लक्स'च्या घरातला, हलकावाला 'लेव्हिस'च्या. आणि दोघांचेही भाऊबंद आपल्याकडे आहेत हे वाचून मी अक्षरशः उठून उभी राहिले. उजेडवाल्याचं नातं संस्कृतच्या रुच् धातूशी, त्याचा जुना अर्थ चमकणं, आपली रुची आणि रुचकर तिथूनच आले. आणि हलकावाल्याचा सख्खा म्हणजे लघु. लघुचं प्राकृतात लहु झालं, मग ल आणि ह यांनी जागा बदलल्या आणि त्यातून आपलं हळू आलं, हलकं आलं. म्हणजे 'बॅग लाईट आहे' आणि 'बॅग हलकी आहे' ही एकाच घरातून हजारो वर्षांपूर्वी फुटलेली दोन माणसं. फुप्फुसाला इंग्रजीत लंग म्हणतात तोही याच घरातला, कारण हा अवयव वजनाला हलका, आणि बकऱ्याच्या वगैरे फुप्फुसांना तर सरळ 'लाईट्स' असाच शब्द आहे.

लेकीला वेगळंच पडलेलं, की मधला जी-एच बोलायचा नाही तर लिहायचा कशाला. तो पूर्वी घशातून घासून बोलायचे, पुढे उच्चार गेला आणि अक्षरं तेवढी राहिली. तिला ते बरोबर वाटलं नाही. मलाही नाही, पण असू दे.

आपण तर या शब्दाला पार घरचाच करून टाकलाय. पंखा थांबला, मिक्सर बंद पडला, भर दुपारी लख्ख ऊन असताना, तरी म्हणतो 'लाईट गेली'. आणि ती गेली, तो गेला नाही, म्हणजे वीज या अर्थानं तिला बाईमाणूसच केलंय. लाईट बिल, लाईटीचा खांब, सगळं त्यातलंच. फक्त 'लाईट घे' हे मला आवडत नाही. २०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद झाल्या आणि खाणीचा माल नदीतून बंदरावर नेणारी बाबांची बार्ज (सपाट मालवाहू होडी) जेटीला लागली ती लागलीच, तेव्हा एक जण घरी येऊन बाबांना म्हणाला होता, लाईट घे रे, होतील परत चालू. बाबा तेव्हा ५६ वर्षांचे. २०१५ ला थोड्या सुरू झाल्या खऱ्या, २०१८ च्या मार्चमध्ये परत बंद, पण बाबा परत बार्जीवर गेले नाहीत. ते 'लाईट घे' माझ्या अजून डोक्यात आहे.

बाबा सोप्यावर बसून सगळं ऐकत होते. मग तिथूनच लेकीला म्हणाले, आमच्या बार्जीवर दोन्ही लाईट होत्या. म्हणजे? तर रात्री मांडवीतून जाताना डावीकडे तांबडी लाईट, उजवीकडे हिरवी, डोलकाठीवर पांढरी. आणि मुरगावला माल खाली करून परत येताना बार्ज रिकामी, तिला पण लाईटच म्हणायचे. बार्ज लाईट आहे, सांभाळ, असं सारंग ओरडायचा, कारण रिकामी बार्ज पाण्यावर उंच तरंगते आणि वारा तिला ढकलत नेतो, भरलेली असली की बसते खाली नीट.

तेवढ्यात मला डिक्शनरीत पाहिलेलं आठवलं. लायटर! आपण सिगरेटचा लायटर म्हणतो तो पेटवण्यावरून, पण त्याच नावाची एक सपाट होडी असते, मोठ्या जहाजावरचा माल उतरवून घेऊन त्याला हलकं करणारी, म्हणून लायटर. किनाऱ्यावरून जहाजापर्यंत माल नेणाऱ्या होडीलाही तेच नाव. बाबा, म्हणजे तुमची बार्जच की. बाबा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, पंचवीस वर्षं चालवली, हे नाव कुणी सांगितलं नाही.

मग त्यांनी परात मागितली. त्यात पाणी घेतलं, लेकीचा स्टीलचा छोटा डबा सोडला, आणि पाच-पाच रुपयांची नाणी एकेक करून आत ठेवायला लागले. डब्याच्या बाहेरून बोट लावून दाखवत होते, बघ, पाणी इथं होतं, आता इथं. सातव्या नाण्याला डबा एका बाजूला कलला, तर नाणी दोन बोटांनी अलगद मधोमध सरकवली आणि तो परत सरळ झाला. माल असाच सारखा पसरावा लागतो म्हणाले. मग सगळी नाणी काढून नुसती फुंकर मारली, डबा परातीच्या काठाला जाऊन टण्णकन आपटला. ही लाईट बार्ज.

लेकीनं तिथंच पाचवं वाक्य लिहिलं, माझ्या आजोबांची बार्ज परत येताना लाईट असायची. इंग्रजीत लिहिलं, एक स्पेलिंग चुकलं, ते मी दुरुस्त केलं नाही, बाई करतील.

लाईट आली तेव्हा समईत थोडं तेल शिल्लक होतं. तिला शांत केलं. बाबांनी परातीतलं पाणी बाहेर अबोलीच्या मुळात ओतलं आणि डबा धोतराच्या सोग्याला पुसून लेकीच्या दप्तरात ठेवला.