अंगठा उठत नाही

नोव्हेंबर लागला की सोलापुरातल्या आमच्या बँकशाखेत पेन्शनधारकांची गर्दी सुरू होते, कारण हयातीचा दाखला देण्याचे हे दिवस असतात. राज्य शासनाच्या निवृत्तांची यादी कोषागाराकडून आलेली असते. आपल्या नावापुढे सही केली की त्यांचे काम संपते. या आठवड्यात मी पाहिले की बरेच निवृत्त शिक्षक सही करण्याआधी यादी वरपासून वाचत जातात, कारण बरोबरीचे कोण कोण आहेत आणि कोणाचे नाव यंदा गळाले आहे, ते त्यांना आधी पाहायचे असते. त्यामुळे रांग थोडी अडते, पण तेवढ्यासाठी त्यांना घाई करणे मला योग्य वाटत नाही.

खरा वेळ लागतो तो भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शनला. १९९५ च्या योजनेतले हे पेन्शन दरमहा किमान एक हजार रुपये आहे आणि आमच्याकडे ते घेणाऱ्यांमध्ये शहराच्या पूर्व भागातल्या, आयुष्यभर विड्या वळलेल्या तेलुगुभाषक बायका पुष्कळ आहेत. त्यांचा दाखला यंत्रावर बोट ठेवून द्यावा लागतो आणि तिथेच अडचण येते. भिजवलेला तेंदूपत्ता कात्रीने कापायचा, त्यात तंबाखू भरून अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत वळायचा आणि दोऱ्याने बांधायचा, हे काम वर्षानुवर्षे केल्यावर त्या दोन बोटांवरच्या रेषा जवळजवळ पुसून जातात. पेन्शन ज्या कामाचे, त्याच कामाने बोटांची ओळख नेलेली असते. 'अंगठा उठत नाही' हे वाक्य त्या रेशन दुकानातही ऐकतात आणि आमच्याकडेही.

मंगळवारी सत्तरी ओलांडलेल्या एक आजी आल्या. त्यांच्या आधीच्या दाखल्याची मुदत ऑगस्टमध्ये संपली होती, त्यानंतर पेन्शन थांबले होते, आणि दोन ठिकाणी अंगठा उठला नाही म्हणून त्यांना परत पाठवले होते. पेन्शनचा आदेश, पासबुक आणि आधार कार्ड त्यांनी दुकानाच्या एका जुन्या पिशवीत घडी घालून नीट ठेवले होते. "मी जित्ती हाय की, मॅडम, बघा," एवढेच त्या म्हणाल्या. मी ओल्या रुमालाने त्यांची बोटे पुसली, कारण कोरड्या बोटाचा ठसा नीट येत नाही, आणि एकेक बोट यंत्रावर ठेवून पाहिले. विड्या वळणाऱ्या बायकांच्या बाबतीत मी नेहमी डाव्या करंगळीपर्यंत जाते, कारण कामात ती सर्वांत कमी झिजलेली असते आणि अनेकदा तिच्यावरच काम होते. आजींची करंगळीही चालली नाही.

सुदैवाने २०२१ पासून मोबाइलच्या कॅमेऱ्याने चेहरा पडताळून दाखला देता येतो. त्यासाठी आजींना खिडकीजवळ बसवले आणि कपाळावर आलेला पदर थोडा मागे घ्यायला सांगितला. मोबाइलवर येणारा क्रमांक पुण्याला कामाला असलेल्या नातवाच्या फोनवर जाणार होता; त्याला आधी फोन लावला आणि कामाच्या धांदलीतही त्याने तो लगेच वाचून दाखवला. पुढे यंत्राला हवी असते पापण्यांची उघडझाप, पण फोटो काढायचा म्हणून आजी डोळे ताणून, श्वास रोखून कॅमेऱ्याकडे पाहत राहिल्या. माझे मराठी त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते. शेवटी बाकावर बसलेल्या दुसऱ्या एका बाईंनी तेलुगूत समजावले, स्वतः पापण्या मिटून दाखवल्या, आणि थोड्या वेळाने पडद्यावर दाखला झाल्याची खूण आली.

आजींना मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, आणि ती येथेही लिहावीशी वाटते. या योजनेतल्या पेन्शनधारकांना नोव्हेंबरचे बंधन नाही. वर्षात कधीही दाखला द्यावा, तो दिल्यापासून बारा महिने चालतो, आणि मध्ये थांबलेले पेन्शन दाखला नोंदल्यावर थकबाकीसह मिळते. हे माहीत नसल्यामुळे म्हाताऱ्या बायका ऐन गर्दीत तासन्तास उभ्या राहतात. ज्याच्या हातात यंत्र आहे त्याने एक अंगठा उठला नाही म्हणून कोणालाही माघारी पाठवू नये, असे माझे ठाम मत आहे. उरलेली बोटे पाहायला दोन मिनिटे लागतात आणि चेहऱ्याला आणखी पाच. तेवढा वेळ काढला नाही, तर रिक्षाचे भाडे देऊन आलेल्या बाईचा दिवस जातो आणि औषधाचे पैसेही अडकतात.

शुक्रवारी त्याच आजी गल्लीतल्या दोघींना घेऊन आल्या. रोखीचे व्यवहार बंद झाल्यावर मी त्यांना बसवून घेतले. एकीचे करंगळीवर लगेच झाले. दुसरीच्या एका डोळ्याची पापणी आजारपणानंतर पुरती मिटत नाही, त्यामुळे चेहऱ्याचीही पडताळणी होईना. तिच्यासाठी कागदी दाखला भरला, यंत्रावर ओळख का पटली नाही ते अर्जात सविस्तर लिहिले आणि व्यवस्थापकांची सही घेतली. सोमवारी ही कागदपत्रे भविष्यनिर्वाह निधीच्या कार्यालयात पोहोचवायची आहेत, आणि त्यांची पोच मी तिच्या मुलीकडे देणार आहे.