पिल्लाला चावायला द्यायचं तरी काय

कुत्र्याचं पिल्लू चपला चावते म्हणून आमच्याकडे लोक त्याला बदडतात, पण तीन-चार महिन्याचं झालं की दुधाचे २८ दात पडून पक्के ४२ यायला लागतात, हिरड्या शिवशिवतात, मग ते चावणार नाही तर काय करणार बापा! सहा-सात महिन्यापर्यंत हे चालतेच.

वावरातल्या घरी चावायला सगळंच हाताशी. तुराटीची उभी चिरफळी निघते अन् सरळ हिरडीत घुसते. दाणे काढलेलं मक्याचं कणीस गिळलं तर आतड्यात अडकते, मग ऑपरेशनच. अन् मटणाची शिजलेली हाडं तर अजिबातच नको, त्याचे अणकुचीदार तुकडे पडतात.

खेळणं घेताना मी दुकानातच नख दाबून पाहतो, दुकानदार हसते, हसू दे. नख जरासंही रुतलं नाही तर ते दातासाठी कडक. साईज अशी पाहिजे की अख्खं तोंडात मावलं नाही पाहिजे. शिट्टीवाली खेळणी मला पटत नाही, शिट्टी उपसून गिळतात. पोकळ जाड रबराचं बेस्ट.

नाहीतर जुनं सुती फडकं भिजवून, पिळून फ्रीजरमध्ये ठेवायचं (लाईन असली तर!), पण समोर बसूनच द्या, धागे सुटले की फेका.