शेंडा पिवळा की बूड पिवळं? मे ते डिसेंबर, गच्चीवरची नोंद

मे महिन्यात जास्वंदीचा शेंडा पिवळा पडायला लागला आणि मी लगेच १९:१९:१९ ची (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेल्या खताची) पुडी उघडली. आठ दिवसांनी परत एक डोस. झाड हिरवं व्हायचं सोडून आणखी फिकं पडलं, खालच्या दोन-तीन पानांच्या कडाही करपल्या. मग गांडूळखत, मग निंबोळी पेंड. जूनच्या पहिल्या आठवड्यात कोणीतरी सांगितलं म्हणून हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचं खत) दिला. दोन दिवसांत मातीवर तांबूस पापुद्रा धरला, शेंडा होता तसाच.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: गच्ची नाशिकच्या इंदिरानगरला, ४० कुंड्या आणि ६ ग्रो बॅगा. मिश्रणात काळी माती, शेणखत आणि कोकोपीट. एरवी पाणी नळाचं, म्हणजे गंगापूर धरणाचं. उन्हाळ्यात ते पुरत नाही, त्यामुळे एप्रिलपासून झाडांना सोसायटीच्या बोअरचं.

गाडी रुळावर आणली ती मामांनी. मामांची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. फोनवर मी खतांची यादी वाचायला लागले तर मधेच म्हणाले, "अगं, काय काय टाकलंस ते राहू दे. पान कुठलं पिवळं झालंय ते सांग. वरचं का खालचं?"

म्हटलं, वरचं, अगदी कोवळं.

"शिरा हिरव्या आहेत?"

"हो मामा, जाळीसारख्या उठून दिसतात."

"मग फेरस, म्हणजे लोह, उचलत नाहीये ते. मातीत नसेल असं नाही. आधी तुझं पाणी बघ."

हा वरचं-खालचंचा प्रश्न मी आता वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही झाडाच्या अंगात फिरणारी अन्नद्रव्यं. कमी पडली की झाड ती जुन्या पानांतून काढून नव्या पालवीला देतं, म्हणून कमतरता बुडाच्या पानांवर आधी दिसते. लोह, कॅल्शियम आणि बोरॉन एकदा पानात बसले की सहसा तिथून हलत नाहीत. त्यामुळे त्यांची उणीव थेट शेंड्यावर उमटते. एवढं मे महिन्यात लक्षात असतं तर नत्राची पुडी उघडलीच नसती, कारण खालची पानं तेव्हा गडद हिरवी होती.

पाणी तपासलं. टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो तो) नळाचं १३०, बोअरचं ८१०. आकड्यापेक्षा जास्त पटलं ते दुसरंच. कुंडीच्या कडेला जो पांढरा थर साचतो ना, तो चमच्याने खरवडून बशीत घेतला आणि वर व्हिनेगरचे चार थेंब टाकले. बारीक बुडबुडे उसळले, बशी कानाशी नेली तर चर्र असा आवाज. मग त्याच कुंडीतली चिमूटभर माती घेतली. तिच्यातूनही बुडबुडे आले, जरा मंद. चुना. आपली काळी माती बेसाल्टची झीज होऊन तयार झालेली, तिच्यात चुनखडी असतेच, आणि वर बोअरचं पाणी रोज बायकार्बोनेट ओततं. सामू (पीएच, आम्ल-अल्कतेचा आकडा) पट्टीवर ८ च्या जरा वरच.

एवढ्या सामूला लोह मातीत असूनही न विरघळणाऱ्या रूपात, एक प्रकारच्या गंजासारखं, बसून राहतं. जास्वंदीसारखी झाडं मुळांतून आम्ल सोडून ते सोडवून घ्यायचा प्रयत्न करतात, पण बायकार्बोनेट ते आम्ल जागीच मारून टाकतं. हिराकसाचंही तेच झालं. तो तांबूस पापुद्रा म्हणजे मी विकत आणलेलं लोह होतं, मुळांपर्यंत न पोचलेलं.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगचं पिंप आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेल: सर्वांत आखूड फळीपर्यंतच पाणी राहतं, तसं सर्वांत कमी पडणाऱ्या अन्नद्रव्यावर वाढ अडते. (लीबिगने हा नियम १८४० नंतर गाजवला, पण मूळ विचार कार्ल श्प्रेंगेलने १८२८ मध्येच मांडला होता. त्याचं नाव क्वचितच घेतलं जातं, हे मला खटकतं.) चित्र छान आहे, पण माझ्या कुंडीत फळी आखूड नव्हतीच. लोह होतं, चुन्याने कोंडून ठेवलेलं.

उपाय दोन केले. एक, चिलेटेड लोह (सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेलं, त्यामुळे विरघळलेलं राहणारं), पण ईडीडीएचए प्रकारचं. दुकानात आधी ईडीटीए पुढे करतात, ते स्वस्तही आहे. मात्र सामू साडेसहाच्या वर गेला की ते लोह धरून ठेवू शकत नाही, आपल्या मातीत ईडीडीएचएच टिकतं. ५ लिटर पाण्यात ५ ग्रॅम, प्रत्येक कुंडीला अर्धा लिटर आळवणी, म्हणजे मुळाशी ओतायचं. पाणी गडद लालभडक होतं, दचकू नका. दोन, बोअरच्या पाण्यात सायट्रिक अ‍ॅसिड, २० लिटरच्या बादलीत चिमूट चिमूट टाकत पट्टी ६.५ दाखवेपर्यंत. दहाव्या दिवशी उमललेलं पान हिरवं निघालं. आधीची पिवळी पानं अर्धवटच सुधारली.

ऑगस्टमध्ये पाऊस चांगला झाला. लिहिण्यासारखं काही नाही, शेवंतीची रोपं सडली तेवढंच.

सप्टेंबरात टोमॅटो. ६ ग्रो बॅगांपैकी ४ मधल्या फळांना बुडाशी काळा, खोलगट, चामड्यासारखा डाग. हा कॅल्शियमचा, हे मला माहीत होतं, म्हणून घरातल्या अंड्यांची टरफलं कुटून घालणार होते. घातली नाहीत. ज्या मातीत व्हिनेगर उकळतं तिथे कॅल्शियम कमी कसं असेल? वही चाळली तर कारण सापडलं. लग्नासाठी तीन दिवस गावाला गेलो होतो, बॅगा कोरड्या ठणठणीत, आणि आल्यावर एकदम भरपूर पाणी दिलं होतं. कॅल्शियम फक्त मुळांकडून वर चढणाऱ्या पाण्याबरोबर प्रवास करतं. पानं बाष्प सोडतात म्हणून पाणी तिकडे जास्त ओढलं जातं, फळाच्या वाट्याला थोडं येतं. पाणी तुटलं की फळाचं टोक सर्वांत आधी उपाशी राहतं. वर १९:१९:१९ मधला अमोनियाचा नत्र आणि पालाश मुळाशी कॅल्शियमशी स्पर्धा करतात. ते खत बंद केलं, सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं पाणी आणि वर वाळक्या पानांचं आच्छादन. डाग पडलेली फळं तोडून टाकली. तिसऱ्या तोड्यापासून फळ स्वच्छ. बाहेरून कॅल्शियमचा एक कणही दिला नाही.

ऑक्टोबरात लिंबू, आणि इथे पिवळं होतं बूड. जुन्या पानांच्या कडा पिवळ्या, देठाशी मात्र हिरवा त्रिकोण शिल्लक, उलट्या व्ही अक्षरासारखा. हे पान मी फोटोत कितीदा पाहिलं होतं, हातात पहिल्यांदाच घेतलं. मॅग्नेशियम. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो, आणि झाड जुन्या पानातलं हरितद्रव्य मोडून तो वर पाठवत होतं. एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) लिटरला १० ग्रॅम, पंधरा दिवसांच्या अंतराने दोन फवारण्या, ऊन उतरल्यावर. कॅल्शियम नायट्रेट त्याच पंपात मिसळू नका. दाट द्रावणात जिप्समचा साका बसतो आणि नोझल बंद पडतं.

आता चालू प्रयोग. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्याच जास्वंदीच्या मुळं धरलेल्या दोन फांद्या सारख्या मिश्रणात लावल्या. एकीला बोअरचं पाणी जसंच्या तसं, दुसरीला सायट्रिक अ‍ॅसिड घातलेलं. लोह दोघींनाही नाही. आज, १४ डिसेंबर, थंडीने दोघींचीही वाढ मंदावलीये. पहिलीचं चौथं पान उन्हात धरलं तर शिरांची जाळी दिसायला लागलीये. दुसरीचं तेच पान सलग हिरवं आहे. फेब्रुवारीत ऊन वाढलं की दोन्हींचे फोटो एकाच जागी, एकाच वेळी काढणार आहे. मामा म्हणतात तोवर बोअरच्या पाण्याचं परीक्षणही करून घे, त्यांच्या बागेतल्या देठ परीक्षणाबरोबर (पानांच्या देठातली अन्नद्रव्यं प्रयोगशाळेत मोजतात ते) नमुना पाठवू. बाटली धुवून ठेवलीये.