जंतू शिकत नाहीत

समितीने शाळेबद्दल लिहायला सांगितलंय, पण मी लिहिणार बाईंबद्दल. जीवशास्त्राच्या बाई म्हटल्यावर आपल्या लालबाग-परळच्या मुलांना नाव सांगावं लागत नाही.

नववीत पेनिसिलिन चाललं होतं. फळ्यावर १९२८, फ्लेमिंग, बुरशी. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "बाई, जंतूंना औषधाची सवय होते ना?" बाईंनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मखमलीचा तुकडा घेऊन आल्या, स्नेहसंमेलनाच्या पडद्याचा! (पडदा कोणी कापला, हे शिपाईमामांना कधीच कळलं नाही. आता कळेल.) ताटात रांगोळीचे ठिपके काढले, त्यावर मखमल दाबली आणि तीच तीन काळ्या कागदांवर टेकवली. तिन्हींवर ठिपके त्याच जागी. जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञ जोडप्याने १९५२ मध्ये असंच केलं होतं. एका प्लेटवरच्या जंतूंच्या वसाहती, म्हणजे वाढलेल्या जंतूंचे ठिपके, मखमलीने उचलून औषध घातलेल्या प्लेट्सवर उमटवल्या. प्रत्येक प्लेटवर वाचल्या त्या त्याच जागेवरच्या. म्हणजे जनुकातला बदल औषध भेटण्याआधीच झालेला होता. औषधाने बाकीचे मारले आणि यांना रान मोकळं झालं.

"जंतू शिकत नाहीत रे, उरतात," बाई म्हणाल्या. १९५८चं नोबेल जोशुआंना मिळालं, एस्थरना नाही, हे सांगताना त्यांचा आवाज चढला. परीक्षेला त्यातलं काहीच आलं नाही.

आज मी इथल्याच एका रुग्णालयात मायक्रोबायोलॉजी विभाग सांभाळते. रोज कल्चरवर, म्हणजे नमुन्यातून वाढवलेल्या जंतूंवर, औषधांच्या चकत्या ठेवायच्या, भोवतीचा जंतू न वाढलेला मोकळा झोन मोजायचा. कधी जंतू थेट चकतीला भिडलेले असतात, म्हणजे औषध चाललंच नाही. प्रतिकाराचं जनुक प्लाझ्मिडवरून (जंतूतल्या डीएनएच्या छोट्या सुट्या कडीवरून) एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीकडेही जातं. ते काही बाईंच्या पडद्यात मावलं नसतं. नव्या रेझिडेंट मुलांना मी रांगोळीपासूनच सुरुवात करून देते. हसतात, पण विसरत नाहीत.

शाळेत परवा डोकावले. प्रयोगशाळेच्या जागी स्मार्ट क्लास आहे आणि नववीची एकच तुकडी उरलीय. चालायचंच, असं मला म्हणवत नाही.

बाई हल्ली डोंबिवलीला असतात. सर्दी विषाणूंची, तिथे अँटिबायोटिक काय करणार? उलट पोटातल्या जंतूंमधले चिवट तेवढे मागे ठेवेल, हे त्या अख्ख्या सोसायटीला ऐकवतात. खालचा केमिस्ट म्हणे चिठ्ठीशिवाय गोळी मागणाऱ्याला आधी विचारतो, "वरच्या बाईंना माहीत आहे का?"