नागपूरच्या खाली ग्रिड बदलतो

आपल्याकडे लष्करी नकाशाचा विषय विल्यम लॅम्बटनपासून सुरू होतो, आणि व्हायलाच हवा. पायदळातल्या या अधिकाऱ्याने १८०२ मध्ये मद्रासजवळ १०० फुटी पोलादी साखळीने पायारेषा (सर्वेक्षणाची पहिली, अचूक मोजलेली रेषा) मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं. १८२३ मध्ये नागपूरकडे येताना तो हिंगणघाटला वारला. त्याचं थडगं तिथेच आहे. विदर्भातल्या किती जणांना हे माहीत असेल?

त्या सर्वेक्षणाने अक्षांश-रेखांश दिले. तोफखान्याला तेवढ्याने भागत नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या लक्ष्यावर मारा करायचा तर अंतर आणि दिशा झटपट काढता आली पाहिजे. त्यासाठी नकाशावर समान अंतरावरच्या उभ्या-आडव्या रेषांचा चौकोनी ग्रिड आला. भारतासाठी लॅम्बर्ट शंकू प्रक्षेपणावर (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची एक रीत) झोन पाडले गेले, आणि खरी गुंतागुंत नागपूरकरांच्या वाट्याला आली.

२१ ते २८ अंश उत्तर, ८२ अंश पूर्वेच्या पश्चिमेला, हा झोन २ए. १५ ते २१ अंश हा ३ए. नागपूर २१°०९′ वर, म्हणजे २ए मध्ये. बुटीबोरी गाठेपर्यंत तुम्ही ३ए मध्ये शिरलेले असता. २ए चा मूळ बिंदू (जिथून ग्रिड आखला तो) २६° उ., ७४° पू.; ३ए चा १९° उ., ८०° पू. दोन्हींच्या मूळ बिंदूंना ईस्टिंग (पूर्वेकडे मोजलेलं अंतर) ३० लाख यार्ड आणि नॉर्दिंग (उत्तरेकडे मोजलेलं) १० लाख यार्ड असे सारखेच आकडे दिलेत. त्यामुळे नुसता आकडा पाहून झोन ओळखता येत नाही.

दिशेचं बघा. नागपूरला २ए चा ग्रिड उत्तर (ग्रिडच्या उभ्या रेषेची दिशा) खऱ्या उत्तरेच्या सुमारे २.२° पूर्वेला, ३ए चा ०.३° पश्चिमेला. फरक अडीच अंशांचा, म्हणजे १० किमीवर जवळजवळ ४४० मीटर. कंपासचा दिक्पात, म्हणजे चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला कोन, इथे एक अंशाहूनही कमी असतो, म्हणून नवशिका तो सोडून देतो आणि त्याच भरात ग्रिडचा कोनही विसरतो. शिवाय २ए मूळ बिंदूपासून इतका दूर आला आहे की ग्रिडवर मोजलेले १० किमी जमिनीपेक्षा २३ मीटरने जास्त भरतात.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने दोन मालिका केल्या. ओपन सिरीज डब्ल्यूजीएस-८४ डेटम (अक्षांश-रेखांश ज्या पृथ्वीच्या आकारावर मोजतात तो आधार) आणि यूटीएमवर (सहा-सहा अंशांच्या झोनचा जागतिक ग्रिड). डिफेन्स सिरीज जुन्या एव्हरेस्ट किंवा डब्ल्यूजीएस-८४ डेटमवर, पॉलिकोनिक किंवा यूटीएम प्रक्षेपणात, उंची आणि कंटूरसकट पूर्ण तपशिलाची. नागपूर यूटीएमच्या ४४ व्या झोनमध्ये येतं. तिथे ग्रिड उत्तर खऱ्या उत्तरेच्या ०.७° पश्चिमेला आणि लांबीची चूक नगण्य. लष्करासाठी यूटीएम हाच शहाणपणाचा रस्ता, असं माझं ठाम मत आहे. मात्र अमरावतीकडे जाताना ७८° ओलांडलं की तिथेही झोन ४३ लागतो.

सगळ्यात महागात पडते ती डेटमची गल्लत. जीपीएसचे डब्ल्यूजीएस-८४ अक्षांश-रेखांश एव्हरेस्टवरच्या जुन्या ५५ ओ/४ शीटवर तसेच टाकले, तर नागपुरात बिंदू शंभर मीटरहून जास्त सरकतो. १:५०,००० वर तो सरक दोन-तीन मिलिमीटरचा, त्यामुळे नजरेला काहीच खटकत नाही. सहा आकडी ग्रिड रेफरन्स (तीन आकडे ईस्टिंगचे, तीन नॉर्दिंगचे) १०० मीटरपर्यंतच सांगतो. म्हणजे शेवटचा आकडा हमखास चुकतो, आणि आठ आकडी देणं तर निव्वळ फसवं.

निरोप देताना क्रम असा ठेवा: शीट नंबर, डेटम, ग्रिड आणि झोन, मग आधी ईस्टिंग, नंतर नॉर्दिंग. बेअरिंग (दिशेचा कोन) दिलंत तर ते ग्रिड, खरं की चुंबकीय, हेही सांगा.